पुढच्या रांगेतला ट्रॉम्बोन

मंडपवाले डांबरात लोखंडी पहारी ठोकायला लागले की समजायचं, लग्नसराई आली. आमच्या अंबरनाथ पश्चिमेला ऋतू असेच कळतात. रस्ता गेल्याच महिन्यात केलेला असतो, त्याला पहिली भोकं मंडपाची पडतात. मग गल्लीच्या तोंडाशी गुलाबी कापडाची कमान, तिच्यावर दोन नावं आणि मधे बदाम. मग जनरेटरच्या डिझेलचा वास, त्यात मिसळलेला मोठ्या टोपातल्या कांद्याचा वास. पूर्वी मला या वासांनीच राग यायचा. रस्ता कुणाच्या बापाचा, परवानगी कुठाय, पेशंटची गाडी कुठून जाणार. मी तोंडावर विचारायचे आणि नाही ऐकलं तर कागद छापून विचारायचे. यंदा पहारीचा पहिला घाव ऐकला, खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि परत येऊन बसले. अठ्ठावीस हे काही थकायचं वय नव्हे. पण थकले आहे, आणि त्याचं कारण तीन वर्षांपूर्वीची एक लग्नसराई आहे.

आमच्या बुवापाड्यात मला कागदवाली म्हणतात. पाणी आलं नाही, कागद. गटार तुंबलं, कागद. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते, आणि पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. प्रत्येक गोष्टीला एक दोषी लागतो आणि एक निर्दोष. दोघं मिळाले की अर्धं पत्रक झालं. बाकी अर्ध्यात 'जाहीर निषेध' आणि 'त्वरित' हे शब्द. मला हे फार छान जमायचं.

त्या वर्षी मला निर्दोष म्हणून सापडले दत्तूकाका.

दत्तूकाका आमच्या मागच्या चाळीत राहतात. माझे वडील आणि ते एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागले होते. वडील तिथेच निवृत्त झाले, काकांनी सात-आठ वर्षांत नोकरी सोडली. का सोडली, तर ट्रॉम्बोनसाठी. हे वाक्य आमच्या घरी अशा सुरात म्हटलं जायचं, की लहानपणी मला ट्रॉम्बोन हे दारूचं नाव वाटायचं.

ट्रॉम्बोन म्हणजे दुहेरी वाकवलेली लांब पितळी नळी. एका टोकाला कर्णा, दुसऱ्या टोकाला ओठ. मधला भाग, म्हणजे स्लाईड, उजव्या हाताने पुढे-मागे सरकवायचा. बटणं नाहीत, भोकं नाहीत. "सात जागा असतात सुजे," काका सांगायचे, "पण खूण एकीवर पण नाय. हाताला माहीत पाहिजे. अर्धा इंच चुकला की बेसूर. पेटीवाल्याला विचार, त्याची पट्टी दाबली की सूर लागतोच. आमचं तसं नाय. आम्हाला रोज नव्याने शोधायला लागतो."

सकाळी सहाला ते चाळीच्या मागे, नाल्याकडच्या भिंतीला तोंड करून उभे राहायचे. आधी नुसते लांब सूर. एकच सूर, श्वास संपेपर्यंत. मला शाळेची रिक्षा यायच्या आधी तो ऐकू यायचा आणि पोटात, बेंबीच्या मागे कुठेतरी, गुणगुणल्यासारखं व्हायचं. शेजारचे वैतागायचे. "दत्तू, म्हैस व्यायली काय रे?" असं कुणीतरी वरच्या मजल्यावरून ओरडायचं, आणि काका कर्णा त्या खिडकीकडे वळवून हुबेहूब म्हशीसारखा हंबरडा काढायचे. सगळी चाळ हसायची. शालनकाकू आतून म्हणायच्या, "चहा गार झाला, म्हशीला आत यायला सांगा."

वाजवायला त्यांना शिकवलं कारखान्याच्या बँडमास्तरांनी. हे मास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलात नाचाच्या ऑर्केस्ट्रात होते. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर कूच वाजवायची एवढंच कारखान्याला हवं होतं. मास्तरांनी कूच शिकवली आणि वर, सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून, जाझ शिकवलं. "शिकवलं म्हणजे काय," काका सांगायचे, "रेकॉर्ड लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. मी म्हटलं मास्तर, याचं नोटेशन कुठाय? ते म्हणाले, गाणं तुला ठाऊक आहे ना? मग आता ते तुला आज जसं आठवतंय तसं सांग. उद्या वेगळं आठवलं तर वेगळं सांग." वर्षभर त्यांना हे कळलं नाही. मग एका रविवारी कळलं आणि सोमवारी कारखान्यात जावंसं वाटेना.

पुढचं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं आहे. मी ते आयुष्य म्हणून कधी ऐकलंच नाही, गमती म्हणून ऐकलं. मुंबईच्या एका हॉटेलात संध्याकाळी काळा कोट घालून वाजवणं. समोर जेवणारे लोक, काट्या-चमच्यांचा आवाज आणि त्याच्यावर तरंगणारा एकट्याचा ट्रॉम्बोन. सिनेमांच्या पार्श्वसंगीतात तीन ट्रॉम्बोन एकत्र वाजवणं. खलनायक दार उघडतो तेव्हा जो गडद आवाज येतो, त्यातला मधला काका. आणि मग ती चौघांची टोळी. उल्हासनगरचे तीन आणि अंबरनाथचे हे. बेस गिटारचा अॅम्प्लिफायर उल्हासनगरातच एका रेडिओवाल्याने ठोकून दिलेला, त्यावर छाप अमेरिकन कंपनीची. ते फंक वाजवायचे. कल्याणपासून कर्जतपर्यंत तेव्हा हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. कॉलेजच्या गॅदरिंगला लोक ओरडायचे, कव्वाली लावा.

"फंक म्हणजे काय हो काका?" मी विचारलं होतं.

"पहिला ठोका घरचा, बाकीचे तीन भाड्याचे," ते म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर थाप मारून दाखवलं. सगळा भार पहिल्यावर. बाकी सगळे इकडेतिकडे भटकतात, उशिरा येतात, लवकर पळतात, पण पहिल्याला सगळे घरी. काकू पोळ्या लाटत होत्या. थोड्या वेळाने बघते तर लाटणं त्याच तालावर. आपण काय करतोय ते त्यांना माहीत नव्हतं. काका नुसते डोळ्यांनी हसत होते.

मग कीबोर्ड आला. खलनायकाच्या दाराचा आवाज एका पट्टीत मावला. तिन्ही ट्रॉम्बोन त्या पट्टीत गेले, बासऱ्या गेल्या, पन्नास व्हायोलिनं गेली. टोळीतला एक दुबईला गेला, एकाने जीन्सचं दुकान काढलं. काका चाळीशी ओलांडून लग्नाच्या बँडमध्ये आले. उल्हासनगरच्या मोहनशेठच्या बँडमध्ये.

इथे लोक चुकचुकतात. मीही चुकचुकायचे. एवढा मोठा कलाकार आणि लग्नात वाजवतो! काकांना हे चुकचुकणं आवडत नसे. "लग्नात काय वाईट आहे? हॉटेलात लोक जेवायचे, इथे नाचतात तरी." वरात कुठल्या चौकात अडकली, ट्रक निघेपर्यंत जागच्या जागी वाजवायची वेळ आली, की गाण्याचं कडवं संपून गेलेलं असायचं आणि पुढचं सुरू करता येत नसायचं. ती मधली दोन-चार मिनिटं काकांची. इतर जण एकच ठेका धरून ठेवायचे आणि ट्रॉम्बोन निघायचा. लाडीगोडी लावणारा, मधेच खाकरणारा, मधेच रुसून खाली बसणारा. नाचणाऱ्यांना वाटायचं हे गाण्यातलंच आहे. शिवमंदिराच्या वळणावर एकदा अशी वरात अडकली होती. एक फेटेवाले आजोबा नाचायचं थांबून काकांच्या कर्ण्यासमोर उभे राहिले, कान पुढे करून, जणू कुणी कानात गुपित सांगतंय. ट्रक निघून गेला तरी आजोबा हलले नाहीत. मागून पोरं ओरडत होती, "ओ आजोबा, नवरा खोळंबलाय."

त्या वर्षी मे महिना भयंकर होता. झाडाखाली उभी केलेली स्कूटरसुद्धा हात लावू देत नव्हती. मी कुठल्याशा सह्यांसाठी अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला उभी होते आणि समोरून भर दुपारी मोहनशेठचा बँड चालला होता. लाल लोकरी कोट, गळ्यापर्यंत सोनेरी बटणं, डोक्यावर तुऱ्याची टोपी. मागच्या रांगेतला एक माणूस चालता चालता खाली बसला आणि मग आडवा झाला. बँड थांबला नाही, बँड थांबत नसतो. मी आणि एका रसवाल्याने त्याला सावलीत ओढलं, कोट उघडला, पाणी मारलं. चाळिशीचा, काटक माणूस. वांगणीकडच्या एका वाडीवरचा.

"काय नाय ताय," तो म्हणाला, "ऊन लागला."

त्याचा ट्रंपेट माझ्या हातात होता. उगाच आत बघितलं. तोंडाच्या नळीत फडक्याचा बोळा कोंबलेला होता.

"हा कशाला?"

"चुकून वाजू नये म्हणून," तो म्हणाला. "आमी मुके ना."

तेव्हा मला हा प्रकार कळला. गिऱ्हाईक बँड ठरवतं ते माणसांच्या आकड्यावर. एकवीसचा बँड, एकतीसचा बँड. वाजवणारे त्यात बारा. उरलेले मुके. शेती नसलेल्या दिवसांत बारवी, वांगणीकडून आणलेले लोक, अंगात कोट, हातात बोळा घातलेली वाद्यं, आणि एकच काम: गाल फुगवून चालायचं. बँडवाल्यांना यात काहीच विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं. माझं डोकं असं पेटलं की सह्यांचा कागद तिथेच रसवाल्याकडे विसरले.

मोहनशेठकडे गेले. बँडचं दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना लाल कोट टांगलेले, जणू तीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी आहेत. शेठ पापड खात होते. मी ओरडले. लोकर, ऊन, माणसाचा पुतळा, गिऱ्हाइकाची फसवणूक, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटा, मांडवाला केळीचे खांब लावतात ना? ते केळी देतात का?"

"ती झाडं आहेत, शेठ. ही माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणून तर जेवण देतो. देख, गिऱ्हाईक कान लावून नाही मोजत, टोपी मोजतं. मी बारा टोप्या घेऊन गेलो तर मुलीचा बाप बोलतो, हा काय बँड आहे का भजनी मंडळ? तू उसको समझा. जा, त्याला कागद दे."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला आज लिहिता येतं. तेव्हा मी रात्रभर बसले नाही की विचार केला नाही; घरी जाऊन तासाभरात पत्रक लिहिलं. दोषी तयार होता. लोकर, ऊन, न मिळणारं पाणी हे सगळं आलं; आता निर्दोष हवा होता. मी लिहिलं: 'हॉटेलात, स्टुडिओत आयुष्य घालवलेले, जाझ आणि फंक या अवघड शैलींवर प्रभुत्व असलेले दत्तूकाका यांच्यासारखा अस्सल कलाकार आणि त्याच्या शेजारी बोळे कोंबलेले पुतळे! हा कलेचा अपमान नाही काय?' प्रत्येक मांडवाने पैसे देण्याआधी बँडकडून वाजवून घ्यावं, असं आवाहन तळाशी ठळक अक्षरात.

छापायच्या आधी काकांना दाखवायला गेले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होते की मी दाखवलं होतं. ते नाल्याकडच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. कागद त्यांनी लांब धरून सगळा वाचला.

"लोकरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पाण्याचं पण बरोबर. माझं नाव काढ."

"का? तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय."

"काढ ना. कशाला उगाच."

"काका, तुम्ही नेहमी असंच करता. म्हणून तर कुणाला माहीत नाही तुम्ही कोण ते."

त्यांनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मी त्याला विनय समजले. कार्यकर्त्याला लोकांचा विनय दूर करायची फार हौस असते. नाव ठेवलं, एवढंच नाही, प्रूफ वाचताना ते जाड केलं.

त्यांचे सकाळचे लांब सूर कधी बंद झाले, हे मला आठवत नव्हतं. मी आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत झोपते, सकाळी सहाला मोबाइलच्या गजराने उठते. आदल्या वर्षीच्या पावसापासून भिंतीकडून आवाज आला नव्हता, आणि मी तो आला नाही म्हणून एक दिवसही थबकले नव्हते. ज्या माणसाच्या कलेच्या अपमानावर मी हजार कागद छापले, तो वाजवत नाही हे मला समजलं नव्हतं.

बदलापूर पूर्वेला एक लग्न होतं, बँड मोहनशेठचा. गोरज मुहूर्त, म्हणून वरात पाचच्या सुमारास निघाली. ऊन तिरपं होतं, पण डांबर अजून चटके देत होतं. मी मुद्दाम गेले होते, पिशवीत पत्रकं घेऊन. वाटायची गरज पडली नाही. नवरदेवाच्या मामाच्या मोबाइलमध्ये पत्रकाचा फोटो आधीच पोहोचला होता. मामा मोठा उत्साही, गळ्यात सोन्याची साखळी, हातात नारळ. त्याने चौकात बँड थांबवला.

"थांबा! आज हजेरी घेऊ. एकेकानं वाजवून दाखवायचं."

लोक खूश झाले. वऱ्हाडाला एवढी फुकट करमणूक कुठे मिळते? पोरांनी मोबाइल वर केले. मामा मागच्या रांगेपासून सुरू झाला. पहिल्याने नुसतं हसून दाखवलं. दुसरा म्हणाला, "सायेब, माझा बाजा आजारी हाय." हशा. तिसऱ्याच्या ट्रंपेटमधून मामाने बोळा उपसून काढला आणि उंच धरून दाखवला. टाळ्या, शिट्ट्या. मला तेव्हा, खरं सांगते, आनंद होत होता. मोहनशेठ घामाघूम होऊन मामाच्या मागे फिरत होते, "साहेब, मुहूर्त निघून जाईल, साहेब." मी मनात म्हणत होते, भोगा.

मग मामा पुढच्या रांगेत आला. डावीकडून दुसरे दत्तूकाका.

"हे बघा! हेच ते! यांचं नाव आहे कागदात." मामाने खरोखरच आदराने नारळ दुसऱ्या हातात घेतला. "काका, ऐकवा या सगळ्यांना. अस्सल काय असतं ते."

शेजारी युफोनियम, म्हणजे पोटाशी धरायचा जाड पितळी बाजा, वाजवणारा परशा घाईघाईने फुंकायला लागला. मामाने त्याला हाताने गप्प केलं. मोहनशेठ मधे आले, "साहेब, यांना सोडा ना." का सोडा, मला कळेना. काकांनी ट्रॉम्बोन ओठाला लावला. स्लाईड पुढे सरकली आणि नेमक्या एका जागी थांबली. त्यांची छाती भरली. आणि आवाज आला तो वाऱ्याचा. नुसता वारा, सायकलच्या चाकातली हवा जावी तसा. कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी ओठ पुसले, पुन्हा लावले. पुन्हा वारा, आणि शेवटी एक फाटका, थुंकीने भरलेला आवाज.

त्यांनी ट्रॉम्बोन खाली घेतला.

"नाही येत," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पुढचे दात गेलेत. मी पण मुकाच आहे."

"मग पुढच्या रांगेत काय शोभेला?" मामा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा विरस झाला होता.

"हो," काका म्हणाले. "शोभेलाच."

बारा जणांना घेऊन वरात पुढे गेली. मुके बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. काका त्यांच्यात बसले नाहीत. ट्रॉम्बोन पेटीत घातला, टोपी काढून काखेत मारली आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले. मी मागे धावले.

"काका, मला सांगायचं ना."

"नाव काढ म्हटलं होतं."

"मला वाटलं तुम्ही..."

"तुला वाटतं फार, सुजे."

एवढंच. रागाने नाही म्हटलं. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

बाकीचं शालनकाकूंनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता. हिरड्यांचं दुखणं जुनं होतं. वरचे दोन दात मागच्या पावसाळ्यात पडले. कवळी बसवली. कवळीवर बोलता येतं, भाकरी खाता येते, फुंकता येत नाही. ओठाचा दाब पडला की ती हलते. "एकदा तर घसरून पार घशाशी गेली," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, ही आता बाजातून बाहेर येते." त्या हसल्या आणि मग सूप जवळ ओढून पुन्हा खडे वेचायला लागल्या.

काकांनी शेठला सांगितलं, मी थांबतो. शेठ म्हणाले, "वीस साल तूने मेरा बँड उठाया. आता तू नुसता चाल." सगळ्या बँडला ठाऊक होतं. काकांच्या वाट्याचे सूर परशा युफोनियमवर भरून काढायचा. बोळा घालून घ्यायला मात्र काकांनी नकार दिला होता. आणि इतर मुके वाटेल तसे हात हलवायचे, काका तसं करत नसत. प्रत्येक गाण्याला स्लाईड जिथे जायला हवी तिथेच जायची. सातही जागा, अर्धा इंच न चुकता, आवाजाशिवाय. वर्षभर एवढी एक गोष्ट त्यांनी सांभाळली होती, की रस्त्यावरच्या माणसाच्या लेखी दत्तू ट्रॉम्बोन वाजवतो. ती मी चौकात उघडी केली. मोठ्या, जाड अक्षरांत.

मी दुसरं पत्रक लिहिलं. जाहीर माफी, कलावंतांच्या दातांसाठी मदतीची मागणी. काकांनी ते न वाचता परत केलं. "माझ्यावर परत कागद नको काढू." हे मात्र मी ऐकलं.

पत्रकाचा परिणाम झाला. असा परिणाम माझ्या कुठल्याच पत्रकाचा झाला नव्हता. शेठचा बँड बाराचा झाला, आणि बाराचा बँड कुणाला नको होता, म्हणून मांडव डीजेच्या ट्रककडे गेले. त्या ट्रकपुढे उभं राहिलं की छातीचा पिंजरा थरथरतो आणि दोन घरांपलीकडचं तान्हं बाळ दचकून उठतं. त्याविरुद्धही मी कागद काढले. ट्रकला फरक पडला नाही. ट्रकची हजेरी कोण घेणार? पुढच्या हिवाळ्यात वांगणीच्या बाजारात मला तो ऊन लागलेला माणूस भेटला. त्याने ओळखलं. "ताय, तुमचा कागद बरा व्हता," तो अगदी मनापासून म्हणाला, "पन आमाला आता बोलवत नाय." डोक्यावर लाकडाची मोळी होती. मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी 'पाठपुरावा करते' असलं.

काका दोन लग्नसराया घरी बसले. पहिल्या वर्षी वरात गल्लीवरून गेली की ते उठून आत जायचे. दुसऱ्या वर्षी आत जायचेही बंद झाले. कपाटावर पेटी होती, तिच्यावर काकूंनी पापडाचे डबे ठेवले. काका भेटले की माझ्याशी नीट बोलायचे. नोकरीचं विचारायचे, आईच्या गुडघ्याचं विचारायचे. संगीताचं बोलायचे नाहीत. मी एकदा चाचरत जाझचं काहीतरी मोबाइलवर लावलं, तर दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "छान आहे," आणि पंख्याकडे बघत बसले. मोठा माणूस लहानाला माफ करतो तेव्हा ते इतकं सपाट असतं हे मला माहीत नव्हतं.

यंदा तुळशीची लग्नं लागली आणि आठवड्याभरात मोहनशेठ स्कूटरवरून बुवापाड्यात आले. मी काकूंकडे बसले होते. शेठच्या हातात हँगर, हँगरवर लाल कोट.

"सुती आहे," त्यांनी आधी मलाच दाखवलं. "आणि दर चौकात पाणी. कागदवाली, तेरा इतना तो मान लिया." मग काकांकडे वळले. "दत्तू, ट्रकवर केस झालीय, लोक परत बँड मागतात. एकतीसचाच मागतात. बारवीवाले येतात बोलले. तू आ जा. पुढे, तुझ्या जागेवर."

काकांनी कोट हातात घेतला. कापड चिमटीत धरून बघितलं, बटणं बघितली. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि झटकन दुसरीकडे बघितलं. मग काकांनी मान वर केली.

"सुजे, तू काय करणार?"

त्यांनी परवानगी मागितली नव्हती. त्यांना नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, पुन्हा चौकात थांबवलं जाणार आहे का. माझ्याकडे या प्रश्नाचं साफ, लढाऊ उत्तर आहे. गिऱ्हाईक फसतंच आहे. मुका हा प्रकार चूकच आहे. सुती कोट दिला म्हणून माणूस केळीचा खांब व्हायचा थांबत नाही. हे सगळं मी आजही मानते, कुणीही विचारावं.

"काही नाही करणार," मी म्हटलं.

काकूंनी उठून कपाटावरचे पापडाचे डबे खाली घेतले.

गेल्या रविवारी वरात आमच्याच रस्त्यावरून गेली. ऊन उतरलं होतं. मी पिशवी न घेता गेले आणि एका मंडपाच्या पहारीशी उभी राहिले. आधी पोरं, मग घोडा, मग लाल कोट. पुढच्या रांगेत डावीकडून दुसरे काका. थोडे वाकलेत. स्लाईड मात्र सरळ जात होती, थांबत होती, परत येत होती, आणि शेजारी परशाचा युफोनियम घुमत होता. त्यांनी मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. त्यांचं लक्ष कामावर होतं.

माझ्या शेजारी कडेवर नातवंड घेतलेली एक बाई उभी होती. बाळाला ती लांब नळी पुढे-मागे होताना बघून हसू फुटत होतं. बाईने मला कोपराने ढोसलं.

"ते म्हातारे बघा ना, काय छान वाजवतात. या वयात."

मी आयुष्यात खूप लोकांना खूप गोष्टी स्पष्ट करून सांगितल्या आहेत.

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून तसंच वाजवतात."